शालनच्या डबीची तपासणी

संगणकाची मेमरी धड आहे की नाही हे बघायचं असेल, तर तो पुरता जागा व्हायच्या आत बघावं लागतं. मिरजेच्या पॉलिटेक्निकमध्ये मी आयुष्यभर लॅब सांभाळली आणि दरवर्षी नव्या मुलांना हेच सांगितलं. एकदा लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारा मूळ प्रोग्रॅम, चालू झालं की ते स्वतःच मेमरीत ठाण मांडून बसतं. मग त्याला म्हणा, बाबा रे, फरशी ठोकून बघ, कुठे पोकळ आहे का. ते आपल्या पायाखालची फरशी सोडून बाकीच्या ठोकतं आणि सांगतं, सगळं ठीक आहे. हे ज्ञान निवृत्तीनंतर माझ्या भावजयीच्या डोक्यासाठी वापरावं लागेल असं कुणी म्हणालं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

भावजय म्हणजे शालन. माझा धाकटा भाऊ दिगंबर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, त्याची बायको. दिगंबर माझ्याहून लहान, पण बोलण्याचा थाट असा की जणू मला, थोरल्या बहिणीला, त्यानेच कडेवर खेळवलंय. शालनला सहा वर्षांपूर्वी मेंदूज्वर झाला. त्यातून ती वाचली, पण नवं काही लक्षात राहण्याची शक्तीच गेली.

आपल्या मेंदूत, कानाच्या आतल्या बाजूला खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहानसा भाग असतो. दिवसभरात घडलेलं तो तात्पुरतं धरून ठेवतो आणि रात्री आपण झोपलो की बाकीच्या मेंदूला पुन्हापुन्हा ऐकवतो. ऐकून ऐकून ते मुरतं आणि आपलं होतं. शालनचा तो भाग तापात जळाला. लग्न, बाळंतपण, शाळेतल्या मैत्रिणी, सगळं शाबूत, पण दिगंबर चहा आणायला आत गेला आणि कप घेऊन बाहेर आला की ती म्हणायची, "अहो, केव्हा आलात?"

मग त्याच वर्षी डबी आली. डबी म्हणजे कमरेला अडकवायचा छोटा संगणक, लिनक्सवर चालणारा. शालनच्या डोक्यात केसांहून बारीक तारा बसवल्या आणि गेलेल्या भागाचं काम डबी करू लागली. दिवसभराचं धरून ठेवायचं, विचारलं की आठवून द्यायचं आणि रात्री मेंदूत मुरवायचं. यात एकच धोका होता. मेंदूत मुरलेलं पुन्हा पुसता येत नाही. म्हणून डबी प्रत्येक आठवण घराच्या कॅमेऱ्याशी, नवऱ्याच्या फोनने ऐकलेल्याशी ताडून बघायची. जुळली तर हिरवी, रात्री मुरायला मोकळी. नाही जुळली तर पिवळी. पिवळीचं काय करायचं, खरी मानायची की गाळायची, ते काळजी घेणाऱ्याने ठरवायचं. तो ठरवत नाही तोवर ती आठवण नुसती डबीच्या मेमरीत, बॅटरीच्या विजेवर, टांगलेली राहणार, ना डिस्कवर, ना डोक्यात.

काळजी घेणारा अर्थातच दिगंबर होता. त्यावरूनच बापलेकांचं फाटलं. निनाद, त्यांचा एकुलता एक मुलगा, तेव्हा पुण्यात नोकरीला लागला होता. तो म्हणाला, "आईच्या डोक्यात काय राहावं हे बाबा ठरवणार? तिला न विचारता?" दिगंबर म्हणाला, "मग तू ठरव. सोड नोकरी आणि बस तिच्याजवळ." दोघेही बरोबर होते आणि दोघांनीही नको ते बोलून घेतलं. निनाद त्या दिवशी गेला तो घरी आलाच नाही. निदान आम्ही तसं धरून चाललो होतो.

गेल्या दिवाळीपासून शालन सांगू लागली की निनाद येतो.

"दर गुरुवारी येतो, अक्का," ती मला म्हणाली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात मेथी निवडत होतो. "मागच्या दाराने. शाळेतून यायचा तसाच. त्याला मुलगी झालीय, रेणू. चार वर्षांची. मला शालूआजी म्हणते. कवठाची बर्फी तिला इतकी आवडते, पण घास मोठा झाला की ठसका लागतो. बारीक तुकडे करून द्यावे लागतात."

दाराशी दिगंबर उभा होता. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे ऐकून घे आणि सोडून दे.

गुरुवारी दिगंबर घरात नसायचा. सकाळच्या गाडीने नरसोबाच्या वाडीला जायचा, दर्शन घ्यायचा, येताना कवठाची बर्फी आणायचा. बर्फी पुढच्या गुरुवारी संपलेली असायची. त्यावरूनही तो शालनवर चिडायचा. "स्वतः खातेस आणि पाहुण्यांच्या नावावर घालतेस. साखर किती वाढलीय बघ." आपण खाल्ली नाही हे तिला पक्कं ठाऊक असायचं. पण डबीत ते पिवळं आणि नवऱ्याच्या तोंडी ते खोटं. कॅमेरा पुढच्या दारावर होता. मागच्या दाराने आलेलं माणूस त्याला कसं दिसणार, हा विचार आमच्यापैकी कुणीच केला नाही.

मी निनादला फोन करून विचारलं होतं. "मिरजेला येतोस का रे हल्ली?" तो म्हणाला, "नाही, आत्या. कामातून वेळ कुठे?" झालं. मला तेवढं पुरलं, मुलीचं मी विचारलंही नाही. डबी बिघडलीय असं मीही म्हणू लागले. मेमरीच्या कोट्यवधी खणांतला एखादा खण सडला की त्यात ठेवलेलं बदलून बाहेर येतं. जुन्या निनादचं नवं काहीतरी होऊन बाहेर येत असेल. पटण्यासारखं होतं.

डबी बनवणारी कंपनी दुसऱ्या एका कंपनीने गिळली होती आणि नव्या मालकांना जुन्या डब्यांशी देणंघेणं नव्हतं. हॉस्पिटलवाले म्हणाले, मेमरी खराब आहे असा पुरावा आणा, नवी डबी मिळवून देतो. डबीच्या आतलीच तपासणी दिगंबरने किती वेळा तरी चालवली. दरवेळी सगळं ठीक. मग त्याला माझी आठवण झाली.

गुरुवार होता. त्याने वाडीची फेरी चुकवली हेच मोठं. पलंगाशेजारच्या खुर्चीत शालन बसली होती, डबी टीव्हीला आणि कीबोर्डला जोडलेली. मी आधी तिला काय करणार ते सांगितलं. मेमटेस्ट नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो लिनक्सच्या आधी, एकट्याने चालतो. प्रत्येक खणात काहीतरी लिहितो, परत वाचतो, लिहिलं तेच आलं का बघतो. तो तुझ्या डबीत घालायचा आणि डबी सुरू होताना जो मेनू येतो त्यात त्याला एक ओळ द्यायची. तेवढा वेळ डबी तुझ्यासाठी बंद राहील.

"म्हणजे मी पूर्वीसारखी होणार," ती म्हणाली.

"दुपारपर्यंत. मी आहे ना इथे."

तिने माझा हात धरला. "अक्का, निनाद आला नव्हता असं निघालं तर तसं सांगा. मी रडणार नाही. मला वेड लागलंय की नाही एवढं एकदा कळू दे. पण नीट बघा."

मेमटेस्ट उतरवून घ्यायला काही वेळ लागला नाही. मेनू मात्र लपवलेला होता. पेशंट गोंधळू नयेत म्हणून बनवणाऱ्यांनी तो दाखवण्याची मुदतच शून्य करून ठेवली होती. मी ती फाइल उघडून शून्याचे पंधरा सेकंद केले आणि मेनू नव्याने बांधायला सांगितला. लिनक्सच्या खाली दुसरी ओळ आली, मेमरी टेस्ट. लॅबमध्ये शेकडो वेळा केलेलं काम.

प्रत्येक खणात लिहायचं म्हणजे तिथलं आधीचं जाणार. हे मला ठाऊक होतं आणि म्हणून मी विचारलं, "दिगू, सगळं साठवलंय ना?"

"रोज रात्री साठवतो. तू कर पुढे."

मी डबी रीस्टार्ट केली. टीव्हीवर पिवळ्या पट्टीत काहीतरी आलं. माझा चष्मा पर्समध्ये होता. मी पर्सकडे हात नेला तेवढ्यात दिगंबरने एंटर दाबलं.

"काय होतं रे?"

"नेहमीचंच. पुढे जायचं का विचारतं."

मेनू आला. मी दुसरी ओळ निवडली. पडदा निळा झाला, आकडे पळू लागले आणि शालनने माझ्याकडे वळून बघितलं. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला होता.

"अक्का, केव्हा आलात? थांबा, चहा टाकते."

तो चहा तिने पुढे पुन्हा पुन्हा टाकला. मी दरवेळी घोटभर घेतला. दिगंबरशी ती किती गोड बोलत होती. डबी आल्यापासून ती त्याच्यासमोर तोलूनमापून बोलायची. आपण म्हणू ते पिवळं ठरेल की काय ही धास्ती तिच्या बोलण्यात कायम असायची. आता ती धास्ती नव्हती. "अहो, शर्टाचं बटण तुटलंय, काढा, लावून देते," असं ती म्हणाली आणि तो शर्ट काढून लहान मुलासारखा तिच्यासमोर बसला. सुईत दोरा ओवेपर्यंत ती बटण विसरली. तो तसाच बसून राहिला.

अकराच्या सुमाराला मागच्या बोळातून भाजीवालीची हाक आली. ती बाई फक्त गुरुवारी येते. हाक ऐकताच शालन उठली. स्वयंपाकघरात गेली, मागच्या दाराची कडी काढली आणि दार अर्धवट उघडं ठेवलं. फडताळातून बर्फीचा पुडा काढला. आदल्या आठवड्यातल्या दोनतीन वड्या उरल्या होत्या. त्यांतली एक तिने ताटलीत घेतली आणि नखाने तिचे बारीक बारीक तुकडे करू लागली. मग कोपऱ्यातला बुटका पाट ओढून उंबऱ्याशी ठेवला. मोठं माणूस त्यावर बसलं तर गुडघे हनुवटीला लागावेत एवढा बुटका.

"शालन, एवढे बारीक तुकडे कुणासाठी?" मी विचारलं.

तिने हातातल्या ताटलीकडे बघितलं. "कोण जाणे," ती म्हणाली. "असंच."

आठवण जिथे राहते तिथे सवय राहत नाही. सायकल चालवणं, लुगडं नेसणं, कडी काढणं हे मेंदूच्या दुसऱ्याच भागात बसतं. तो भाग तापाने जळला नव्हता आणि त्याला डबीची गरजही नव्हती. कितीतरी गुरुवार ज्या हातांनी कडी काढली, तुकडे केले, पाट मांडला, त्या हातांना ते पाठ झालं होतं. डबी बंद होती. चुकायला तिथे काही नव्हतंच.

दिगंबर दारात उभा होता. त्यानेही बघितलं. "योगायोग," तो म्हणाला.

एक वाजता पहिली फेरी संपली. चुका शून्य.

"अजून एक फेरी कर," दिगंबर म्हणाला.

मी केली. शालनने आणखी चहा केला, निनाद कॉलेजातून अजून कसा आला नाही म्हणून दोनदा घड्याळ बघितलं. दुसरी फेरीही शून्यावर संपली. डबीत काही बिघाड नव्हता, तिच्या कोट्यवधी खणांतल्या एकाही खणात.

"म्हणजे काय, अक्का?"

"म्हणजे ती खरं बोलत होती, दिगू. सुरुवातीपासून."

तो गडबडीने उठला. "चालू कर. लगेच चालू कर. मी सगळ्या पिवळ्या खऱ्या करतो. आत्ता करतो." डबी चालू झाली, शालनने डोळे मिटून उघडले आणि ती पुन्हा आजच्या दिवसात आली. दिगंबरने पिवळ्या नोंदींचं पान उघडलं. पान कोरं होतं. त्याने ते बंद करून पुन्हा उघडलं.

"कुठे गेल्या?" तो म्हणाला.

त्याने त्या कधी गाळल्या नव्हत्या, हे मला त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. बायकोच्या डोक्यातून मुलगा पुसून टाकायचा त्याला धीर झाला नाही. खऱ्या मानायचाही झाला नाही. म्हणून दिवाळीपासूनचे सगळे गुरुवार त्याने टांगून ठेवले होते, मेमरीत. आणि तिथला खणन् खण आम्ही दोनदा पुसून लिहिला होता. पिवळ्या पट्टीत तेच विचारलं होतं, न ठरवलेल्या पिवळ्या आठवणी जातील, चालेल का. मी चष्मा लावायला हवा होता. पडदा माझ्या ताब्यात होता, आणि आयुष्यभर मुलांना मी हेच शिकवलं होतं की वाचल्याशिवाय एंटर दाबू नका.

"काय निघालं, अक्का?" शालनने विचारलं.

"डबी चांगली आहे."

"बरं झालं." ती हसली. "पण तपासायला कशाला घेतली होती?"

दिगंबर उठून मागच्या अंगणात गेला. मी त्याच्यामागे गेले. तो भिंतीकडे तोंड करून रडत होता. वडील गेले तेव्हाही मी त्याला असं रडताना बघितलं नव्हतं.

"मागच्या गुरुवारी ती सांगत होती," तो म्हणाला. "मी वाडीहून आलो होतो, ऊन लागलं होतं. म्हणाली, निनाद निघाला, लांब चाललाय, दोन वर्षं यायचा नाही. म्हणाली, तुमच्यासाठी निरोप दिलाय त्याने. मी म्हटलं, उद्या सांग. दुसऱ्या दिवशी ती सांगायला आली तर मी पेपर वर धरला."

मी तिथूनच निनादला फोन लावला. तो चिलीत पोचला होता, कुठल्याशा दुर्बिणीच्या कामावर, बायको आणि मुलीसकट. मी त्याला सगळं सांगितलं.

"मला खोटं का सांगितलंस रे?" मी विचारलं.

"तू बाबांना सांगितलं असतंस. आणि आईने सांगितलं तरी तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही हे मला माहीत होतं, आत्या. मला ते सोयीचं पडलं." मग त्याने विचारलं, "म्हणजे रेणू तिला आठवतच नाही?"

"नाही."

"रेणू इथे रोज विचारते, शालूआजीला फोन कधी लावायचा. आता काय सांगू तिला?"

मी विचारलं, "बाबांसाठी निरोप काय होता?"

"तो आईजवळ दिला होता," निनाद म्हणाला. "तिला सांगताना मला जमलं. पुन्हा नाही जमणार." आणि त्याने फोन ठेवला. नंतर मी लावला की तो उचलतो, तब्येत विचारतो, माझ्याशी नीट बोलतो. मुलीला मात्र फोनवर आणत नाही. आजीने तिला 'कोण गं तू' विचारलेलं त्याला सोसणार नाही, आणि मी त्याला कोणत्या तोंडाने आग्रह करू?

दिगंबरने त्या दिवसापासून एकच काम हाती घेतलंय. शालनने सांगितलेलं त्याने जेवढं अर्ध्या कानाने ऐकलं होतं, तेवढं तो आठवून आठवून तिला परत सांगतो. निनाद येत होता. रेणू तुला शालूआजी म्हणते. तिला घास मोठा झाला की ठसका लागतो. मध्येच अडतो, कारण पुढचं त्याने ऐकलेलंच नसतं. शालन कौतुकाने ऐकून घेते. डबी त्या आठवणीला हिरवा रंग देते, कारण दिगंबर असं बोलला हे त्याच्या फोनशी जुळतं. रात्री ते तिच्या डोक्यात मुरतं. नवरा हल्ली मुलाबद्दल काहीबाही बोलतो, एवढंच तिच्या डोक्यात मुरतं.

वाडीला जाणं त्याने सोडलंय. मी गेल्या गुरुवारी त्यांच्याकडे होते. दिगंबर सकाळपासून मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसला होता. बर्फी त्याने कुणाकडून तरी मागवली होती. बोळातून भाजीवालीची हाक आली तशी शालन उठली, त्याच्या खुर्चीला वळसा घालून तिने कडी काढली, पाट ओढला आणि माझ्याशी बोलता बोलता वडीचे तुकडे करू लागली.

"अक्का, यांचं काही खरं नाही," ती हळूच म्हणाली. "रोज म्हणतात निनाद येत होता, त्याला मुलगी आहे. पोराने सहा वर्षांत या घरात पाऊल टाकलेलं नाही हो. ऐकलं की पोटात तुटतं. मी हो हो म्हणते." तिने ताटली पाटाजवळ ठेवली आणि पदराला हात पुसले. "माझ्या डबीची केलीत ना तुम्ही, ती तपासणी यांची एकदा करा की."

दिगंबरने ऐकलं असणार. तो उघड्या दारातून बोळाकडे बघत राहिला.

"केलीय, शालन," मी म्हटलं.

"मग? काय निघालं?"

"एकही चूक नाही."

तिचा विश्वास बसला नाही. तिने नवऱ्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, मुंग्या लागू नयेत म्हणून ताटलीवर वाटी पालथी घातली आणि चहा टाकायला आत गेली. दार तिने उघडंच ठेवलं.